कमावलेला आत्मविश्वास



मी ई-स्पोर्ट्स खेळाडूंच्या मनाशी काम करतो. माझ्याकडे येणारी मुले-मुली पहिल्याच भेटीत बहुधा एकच मागणी करतात, “सर, कॉन्फिडन्स वाढवायचाय.” घरी बोट चुकत नाही, स्क्रिममध्ये, म्हणजे सरावाच्या सामन्यात, नावाजलेल्या संघांना गारद करतो, पण स्पर्धेची लॉबी सुरू झाली की तळहात घामाने निसरडे होतात आणि साधा कॉल देताना जीभ अडखळते. मागणी रास्त आहे. मात्र तिच्यामागे एक समजूत दडलेली असते. आत्मविश्वास ही सामन्याच्या आधी कुणीतरी मनात भरून द्यायची वस्तू आहे, दोन जोशपूर्ण वाक्ये आणि एक गाणे ऐकले की काम भागते, अशी ती समजूत. असे उसने अवसान पहिल्या दोन फेऱ्या टिकते. समोरच्याने एक चांगला डाव टाकला की ते गळून पडते. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की मन पुरावा मागते. तुम्ही ते करू शकता याचा जितका पुरावा तुम्ही त्याला दिला असेल, तितकाच विश्वास ते ऐन वेळी परत देते.

या सभागृहातल्या बहुतेकांनी 2004 च्या इव्हो स्पर्धेतली ती चित्रफीत पाहिली असेल. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या विद्यापीठात ‘स्ट्रीट फायटर 3 : थर्ड स्ट्राइक’चा सामना चालू होता. एका बाजूला अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली घेऊन, दुसऱ्या बाजूला जपानचा दाइगो उमेहारा केन घेऊन. दाइगोच्या केनची शक्ती इतकी संपली होती की साधा बचाव करून जो किंचित मार बसतो तेवढ्यानेही तो बाद झाला असता. वाँगने चुन-लीचा 15 लाथांचा सुपर सोडला. आता एकच वाट उरली होती. प्रत्येक लाथ येत असताना नेमक्या क्षणी स्टिक पुढे दाबायची आणि ती परतवायची. मागे सरकायचे नाही, तर माराच्या दिशेने जायचे, आणि तेही 15 वेळा एकही चूक न करता. दाइगोने ते केले. शेवटची लाथ हवेत उडी घेऊन परतवली आणि लगेच उलट मारा करून फेरी जिंकली.

लोक याला चमत्कार म्हणतात. मला त्या शब्दाचा राग येतो, कारण त्यामुळे मुलांना वाटते की असे धैर्य जन्मतःच लागते. जपानच्या आर्केडमध्ये चुन-लीचा तो मारा परतवण्याचा सराव जाणते खेळाडू करत असत. त्या लाथांची लय दाइगोच्या हातात बसलेली होती. गर्दी ओरडत होती तेव्हा त्याला धीर गोळा करावा लागला नाही, हाताला माहीत असलेले काम हाताकडे सोपवायचे होते. आणखी एक गोष्ट, जी चित्रफितीत दिसत नाही म्हणून फारशी कुणी सांगत नाही. ती स्पर्धा दाइगोने जिंकली नाही. अंतिम सामन्यात तो हरला. पुढे त्याने खेळ सोडला, माहजोंगच्या नादी लागला, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रात काम केले. काही वर्षांनी ‘स्ट्रीट फायटर 4’च्या वेळी तो परतला आणि 2009 व 2010 अशी लागोपाठ दोन वर्षे इव्हो जिंकला. आपल्या पुस्तकात त्याने म्हटले आहे की स्पर्धा जिंकणे हे ध्येय ठेवले तर माणूस टिकत नाही, रोज थोडे वाढत राहणे हे ध्येय ठेवले तर टिकतो.

मन पुरावा मागते, ही गोष्ट मानसशास्त्रात अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 साली मांडली. हे मला जमेल, अशी खात्री माणसात कुठून येते, हा त्यांचा प्रश्न होता. स्वतः करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणे, इतरांचे बोलणे आणि आपल्या शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ, असे चार झरे त्यांनी दाखवले. यातला पहिला सर्वांत बळकट. आपण मात्र सगळा भर तिसऱ्यावर, म्हणजे भाषणांवर देतो. मी स्वतः भाषणच करतो आहे याची मला जाणीव आहे, म्हणून लगेच उदाहरणाकडे वळतो.

फेब्रुवारी 2019. जपानमधल्या फुकुओका शहरात ‘टेकन 7’च्या स्पर्धेत लाहोरचा अर्सलान ऐश उतरला. व्हिसाच्या कटकटींतून, विमानतळांमागून विमानतळ पालथे घालत तो कसाबसा पोहोचला होता. जगाच्या नकाशावर पाकिस्तानचे टेकन कुणाला ठाऊक नव्हते. तो जिंकला आणि म्हणाला की आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत. लोकांना ती नम्रता वाटली. मग कोरियाचा दिग्गज नी स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या मुलांशी खेळला आणि अनोळखी नावांकडून हरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासच्या इव्होच्या अंतिम सामन्यात अर्सलानने त्याच नीला हरवले. अर्सलानला घाबरण्याचे कारणच नव्हते, कारण मोहल्ल्यातल्या आर्केडमध्ये रोज जो मार त्याने खाल्ला होता, त्याहून जबर मार फुकुओकात कुणी देणार नव्हते. कोल्हापूरच्या तालमीत पोरगा रोज वस्तादांच्या जोडीदारांकडून मातीत पाठ टेकवून घेतो, म्हणून जत्रेच्या फडात त्याचे पाय लटपटत नाहीत. तेच हे.

म्हणून रँकच्या आकड्यासाठी आपल्याहून कमी कुवतीच्या लॉबीत रात्रभर खेळत बसणाऱ्या मुलाला मी सांगतो, तू आत्मविश्वास कमावत नाहीस, खर्च करतो आहेस. तुला रोज हरवू शकतील अशी चार माणसे शोध. ती नागपुरात असतील, इचलकरंजीत असतील, दुसऱ्या देशाच्या सर्व्हरवर असतील. त्यांच्याकडून हर, आणि हरल्यावर रिप्ले उघड.

रिप्ले पाहायचीही रीत असते. बीजीएमआय या मोबाइल खेळाच्या स्पर्धात्मक लॉबीत 16 संघ, 64 खेळाडू असतात. म्हणजे प्रत्येक सामन्यात 15 संघ चिकन डिनरविना, म्हणजे विजयाविना, परततात. देशातला सर्वांत चांगला संघसुद्धा बहुतेक सामने “हरतो”. सर्कल, म्हणजे नकाशावरचे सुरक्षित वर्तुळ, कुठे पडेल हे कुणाच्या हातात नसते. अशा खेळात ज्याने आपला विश्वास निकालाला बांधला, त्याचे मन दिवसातून पाच वेळा मोडणार. निकाल बाजूला ठेवून निर्णय पाहा. त्या घरातून कधी निघालो? का निघालो? तेव्हा आपल्याला काय दिसत होते, काय माहीत होते? माहिती तेवढीच असताना पुन्हा तोच निर्णय घेशील का? उत्तर ‘हो’ असेल तर तो डाव गुणाचा, मग मरण आले तरी. उत्तर ‘नाही’ असेल तर तो दोष, मग त्यातून तीन किल मिळाले असले तरी. हे वहीत लिहायचे. महिन्याभराने ती वही चाळली की दिसते, अमुक चूक आता होत नाही. हा पुरावा. याला कुणाच्या कॉमेंटची गरज लागत नाही.

आता घामेजलेल्या हातांबद्दल. छाती धडधडते म्हणजे आपण घाबरट, असा अर्थ मुले लावतात आणि मग शांत होण्याची धडपड करतात. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. त्यांनी लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला लावले, आणि सूर मोजायला वापरला चक्क निन्टेन्डो वीवरचा कराओकेचा खेळ! गाण्याआधी ‘मी उत्साहात आहे’ असे म्हणणारे, ‘मी घाबरलो आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा चांगले गायले. भाषण आणि गणिताच्या प्रयोगांत तर स्वतःला शांत व्हायला सांगणाऱ्यांनाही उत्साहवाल्यांनी मागे टाकले. धडधड तीच, तिचे नाव बदलले. शरीर तयारीला लागले आहे, त्याला दाबू नका.

आणि वेळ वापरायला शिका. व्हॅलोरंटमध्ये बहुतेक फेऱ्यांआधी खरेदीची 30 सेकंदे मिळतात. गेल्या फेरीत कुणामुळे मेलो यावर ती सेकंदे जाळणारे संघ मी पाहिले आहेत. माउसवरचा हात उचला, तळवा पुसा, एक लांब श्वास सोडा आणि पुढच्या फेरीत करायची एकच गोष्ट बोला. दोन नकोत. हे सरावात प्रत्येक फेरीला केले तरच स्पर्धेत आठवते.

सर्वांत जास्त मला संघाच्या बोलण्याविषयी सांगायचे आहे. 2018 च्या मे महिन्यात डोटा 2 मधल्या ओजी या संघाचे दोन आधारस्तंभ, फ्लाय आणि एस4, त्याला सोडून दुसऱ्या संघात गेले. फ्लाय हा तर कर्णधार नोटेलचा जुना मित्र. उरलेल्यांनी प्रशिक्षक सेबला खेळाडू केले, मोठ्या मंचाचा अनुभव नसलेल्या टॉपसनला घेतले, खेळापासून दूर गेलेल्या अनाला परत बोलावले आणि खुल्या पात्रता फेरीतून, जिथे कोणताही संघ नाव नोंदवू शकतो तिथून, सुरुवात केली. ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरच्या ‘द इंटरनॅशनल’मध्ये त्यांनी वाटेत त्याच जुन्या मित्रांच्या संघाला हरवले. अंतिम फेरीत चीनच्या पीएसजी एलजीडीविरुद्ध 1-2 असे मागे पडूनही 3-2 ने जिंकले. पुढच्या वर्षी शांघायमध्ये पुन्हा जिंकले. ही स्पर्धा दोनदा जिंकणारा तो पहिला संघ.

त्या सामन्यांतला संघाचा आवाज ऐका. हातातून सामना निसटत असताना ‘तू काय केलेस’ हे वाक्य तिथे ऐकू येत नाही. आता काय करता येईल, एवढेच ऐकू येते. हे आपोआप झाले नाही. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ मिया स्टेलबर्ग यांनी ओजीसोबत काम केले आहे. त्याआधी 2016 पासून त्या डेन्मार्कच्या ॲस्ट्रॅलिससोबत होत्या. काउंटर-स्ट्राइकचा हा गुणी संघ मोठ्या स्पर्धांत ऐन वेळी कच खायचा. जानेवारी 2017 मध्ये अटलांटात त्याने पहिली मेजर जिंकली आणि 2019 पर्यंत एकूण चार. आपल्याकडेही ही परंपरा आहे. 2011 साली वानखेडेवर विश्वचषक उचलणाऱ्या आपल्या क्रिकेट संघासोबत मनाची तयारी करून घेणारे प्रशिक्षक पॅडी अप्टन होते. तेच 2024 मध्ये सिंगापुरात बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेशच्या मागे उभे होते. गुकेशने पहिलाच डाव पांढऱ्या मोहऱ्यांनी गमावला होता हे विसरू नका.

आणि आपल्या व्हॉइस चॅटवर काय चालते? पहिल्या चुकीला आईबहिणीवरून शिवी. प्रशिक्षकही त्यात मागे नसतात, हे दुःखाने सांगतो. शिवी खाल्लेला सोळा वर्षांचा मुलगा पुढच्या वेळी सुरक्षित डाव खेळतो, माहिती असूनही कॉल देत नाही, कारण चुकला तर पुन्हा तेच ऐकावे लागेल. संघाने त्याची जीभच कापलेली असते. मुलींचे तर त्याहून वाईट. आवाज ऐकताच जे कानावर पडते त्यामुळे कितीतरी चांगल्या खेळाडू माइक बंद ठेवून खेळतात. संवादाच्या खेळात मुक्याने खेळायचे आणि तरी बरोबरी करायची! 2021 पासून व्हॅलोरंटमध्ये महिलांसाठी ‘गेम चेंजर्स’ मालिका आहे, ती चांगलीच आहे. पण रोजच्या लॉबीतले दार आपणच उघडायचे आहे.

पालकहो, एक गोष्ट तुमच्यासाठी. सप्टेंबर 2020 मध्ये पब्जी मोबाइल बंद झाला. जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला, वर्षभराने तोही ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. या काळात माझ्यासमोर बसलेली मुले विचारायची, “मी आता कोण?” ज्याच्याकडे अभ्यास, मैदान, मित्र असे काही शिल्लक होते, तो सावरला. ज्याचे सगळे त्या एका ॲपवर होते, तो कोसळला. म्हणून खेळ हिरावून घेऊ नका, पण त्याच्या शेजारी बाकीचे आयुष्यही जिवंत ठेवा. आणि पैशांच्या खेळांशी याची गल्लत करू नका. 2025 च्या कायद्याने ते बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली आहे.

कोरियाच्या फेकरचे नाव घेतल्याशिवाय मला थांबता येणार नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’चे 2013, 2015, 2016 असे तीन जागतिक किताब. मग 2017 मध्ये बीजिंगमध्ये ‘पक्ष्याचे घरटे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टेडियमवर 0-3 अशी हार, आणि सगळ्या जगासमोर टेबलावर डोके ठेवून रडणे. पुढच्या वर्षी विश्वस्पर्धा त्याच्याच देशात होती, आणि त्याचा संघ तिला पात्रही ठरला नाही. 2022 ची अंतिम फेरीही गेली. चौथा किताब आला तो 2023 मध्ये सोलला, मग 2024, मग 2025. सात वर्षे हा माणूस रोज त्याच खुर्चीत येऊन बसत राहिला. रडला म्हणून त्याचा कणखरपणा कमी ठरत नाही. तुमचा मुलगा हरून रडला तर त्याला रडू द्या, आणि झोपू द्या. रात्री तीनपर्यंत सराव करून मन घट्ट होत नाही.

उद्याच्या खुल्या अधिवेशनापुढे मी अध्यक्ष या नात्याने एक ठराव ठेवतो आहे. या संमेलनाशी जोडलेल्या प्रत्येक स्पर्धेत व्हॉइस चॅटवर शिवीगाळ करणाऱ्या खेळाडूला आणि प्रशिक्षकाला पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी सामन्यातून बाद करावे. अठरा वर्षांखालील खेळाडूंचे सामने रात्री दहानंतर ठेवू नयेत. आणि प्रत्येक जिल्ह्यात दरमहा एक प्रत्यक्ष, विनाबक्षीस सामनादिवस भरवावा, जिथे लहानांनी मोठ्यांकडून हरावे आणि त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून रिप्ले पाहावा. पहिल्या सहा महिन्यांचे रिप्ले तपासण्याचे काम मी आणि माझे सहकारी विनामूल्य करू. अनुमोदनासाठी नावे आज रात्रीपर्यंत कार्यालयात द्यावीत, ही विनंती.