तेरा टेकड्या आणि भरवसा नसलेलं आभाळ

आजचा भाग ट्रेकवर आहे. त्यातही एकाच दिवशी अनेक टेकड्या पार करायच्या ट्रेकवर, आणि तेही आभाळाचा मूड सारखा बदलत असताना.

पुण्याच्या मुलांना 'केटूएस' सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. केटूएस म्हणजे कात्रज ते सिंहगड. जुन्या कात्रज बोगद्याजवळच्या वाघजाई मंदिरापासून चढायला लागायचं आणि धारेधारेनं सिंहगडाकडे जायचं. पल्ला पंधरा किलोमीटरच्या आसपास. टेकड्या तेरा म्हणतात, पण मोजणारा बदलला की आकडाही बदलतो! उजवीकडे खडकवासल्याचं पाणी, डावीकडे शिवगंगेचं खोरं. हवा स्वच्छ असेल तर लांब राजगड, तोरणासुद्धा दिसतात.

एकेक टेकडी बघितली तर छोटीच. पण चढून कमावलेली उंची प्रत्येक खिंडीत परत घालवावी लागते. धरून चला, एका टेकडीला साठ मीटर चढ. तेरा टेकड्यांचे झाले ७८० मीटर! वर मुरमाचा घसारा. म्हणून शेवटच्या चार-पाच टेकड्यांवर पायही थकलेले असतात आणि डोकंही. आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून येतं.

ते नेमकं तेव्हाच का येतं, तेही बघू. एप्रिल-मेमधला वळीव घ्या किंवा ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस. सकाळी लख्ख ऊन असतं, जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर ढगांचे डोंगर उभे राहतात. त्यातल्या एखाद्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरट झाला की समजायचं, हा गडगडणार. मग उकाडा असताना अचानक गार वारा सुटतो. बरं वाटतं, पण तो ढगातून खाली आदळलेला वारा असतो. 'आता निघा' असा तो निरोप असतो.

गेल्या ऑक्टोबरमध्ये माझा मामेभाऊ सोलापूरहून आला होता. सोमवारी चेन्नईला नोकरीवर रुजू व्हायचं होतं, आणि त्याआधी त्याला केटूएस पूर्ण करायचाच होता. त्याची बस उशिरा आली, म्हणून वाघजाईपासून निघायलाच साडेआठ झाले. आम्ही चौघं होतो. आठव्या टेकडीवर एक वाजला. सिंहगडाच्या मागे आभाळ काळंनिळं झालेलं. वीज चमकली आणि मी मोजायला लागले. एकवीस सेकंदांनी आवाज आला.

हा हिशोब पाठच करा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. एकवीस म्हणजे सात किलोमीटर. पुढच्या वेळी पंधरा, म्हणजे पाच किलोमीटर. ढग आमच्याकडेच येत होता. खरं तर तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत असली, तरी आडोशाला जायची वेळ झालेली असते.

मी म्हटलं, "पुढच्या खिंडीतून डावीकडे उतरायचं."

"ताई, अजून पाचच राहिल्यात की! परत कधी येणार मी?"

त्याचं वाईट मलाही वाटलं. पण उघड्या धारेवर सगळ्यात उंच वस्तू आम्हीच होतो. खिंडीतून ढोरवाट धरली आणि एकमेकांत अंतर ठेवून, एकट्यादुकट्या झाडाखाली न थांबता, पाऊण तासात खालच्या वस्तीवर पोचलो.

आणि मंडळी, गंमत बघा. ढग बाजूनं निघून गेला! धारेवर ऊन पडलं. भाऊ म्हणाला, "उगाच उतरलो." कोंढणपूरच्या रस्त्यावर जीप मिळेपर्यंत तो माझ्याशी नीट बोलला नाही.

माझं मत तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे. निर्णय बरोबर की चूक हे नंतर पाऊस पडला की नाही यावरून ठरवायचं नसतं. ढग वळणार हे त्या खिंडीत ना त्याला माहीत होतं, ना मला. माहीत होतं ते एवढंच: अंतर कमी होतंय, धार उघडी आहे, आणि उतरायला वाट आहे. पुढच्या चढावर लागलो असतो, तर ती वाटही मागे राहिली असती.

म्हणून हे निर्णय माथ्यावर घेऊच नका, खिंडीत घ्या. माथ्यावर फोटोची घाई असते आणि पुढची टेकडी हाताच्या अंतरावर वाटते. निघण्याआधी ऑफलाइन नकाशावर प्रत्येक खिंडीतून उतरणारी वाट बघून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं बनवलेलं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या. वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजांचा इशारा ते देतं. पण डोंगरात रेंज जाते, म्हणून डोळे-कान चालू ठेवा. आसरा म्हणजे पक्कं घर किंवा काचा बंद केलेली गाडी, पत्र्याची उघडी शेड नव्हे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच परत वर जायचं.

भाऊ दिवाळीला येतोय. राहिलेल्या पाच टेकड्या सिंहगडाकडून उलट्या करायचं म्हणतोय. या वेळी रात्रीच मुक्कामाला ये, असं मी बजावलंय.

तुमच्या ग्रुपमध्ये 'अजून थोडंच राहिलंय' म्हणणारा एक जण असणारच. त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!