काकूंचं बाकडं



आमच्या गटाची बैठक सतरंजीवर होते. गटातल्या एक काकू दोन महिने आल्याच नाहीत. घरी जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "खाली बसले की उठता येत नाही गं. दोघींनी हात धरून उठवायचं, लाज वाटते." तेव्हा ठरवलं, बाकडं करायचं, तेही आपल्या हातानं.

पहिलं फसलं, ते आधी सांगतो. वखारीतून आंब्याच्या फळ्या आणल्या, त्या ओल्या होत्या. लाकूड वाळताना रुंदीत आकसतं. महिन्याभरात फळी वाकली, पाय ढिले झाले. काकू बसल्या आणि बाकडं डुगडुगलं. पुढच्या बैठकीला त्या पुन्हा आल्या नाहीत.

दुसऱ्या वेळी जुन्या दाराच्या सागवानी फळ्या घेतल्या. त्या चांगल्या वाळलेल्या होत्या. जुन्या फळीतले खिळे आधी उपटून काढा, नाहीतर रंध्याचं पातं जातं. नवी फळी असेल तर इंचभर जाडीला साधारण वर्षभर सावलीत वाळवा. फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवा, म्हणजे वारा खेळतो.

माप काकूंचंच घेतलं. तळपायापासून गुडघ्याच्या मागच्या खळग्यापर्यंत १६ इंच भरलं. बैठक तेवढीच उंच, लांबी ३ फूट, रुंदी १ फूट. गुण्या लावून रेघ मारली, मगच करवत चालवली. स्क्रूआधी बारीक भोक पाडलं, म्हणजे फळी चिरत नाही. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं तिरकं अंतर दोन्हीकडून मोजलं. सारखं आलं, म्हणजे चौकट काटकोनात.

तरी डुगडुगलंच तर? म्हणून पाय अर्धा इंच जास्त ठेवा. सपाट फरशीवर पायांखाली पुठ्ठे सरकवून बाकडं स्थिर करा. मग पातळ लाकडी पट्टी फरशीवर फिरवत चारही पायांवर सारख्या उंचीची रेघ मारा आणि तिथं कापा.

पॉलिश पेपरनं घासताना नाकातोंडाला फडकं बांधा. जवसाचं तेल लावलंत, तर तेलाचं फडकं चुरगाळून ठेवू नका. ते आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

आधी आम्ही तिघी एकदम त्यावर बसून पाहिलं, मग काकूंना बोलावलं. आता त्या दर बैठकीला येतात. कुणाचा हात न धरता उठतात, आणि हिशेबाची वही त्यांच्याच मांडीवर असते.

तुमच्या गटात कोण यायचं थांबलंय? एकदा घरी जाऊन विचारा.