साठी आणि बुद्धी नाठी?



आम्ही डॉक्टर नाही, बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. वर्षानुवर्षे एकच सही करणारे गुरुजी एखाद्या वर्षी पेन धरून नुसते थांबतात. सोबतचा मुलगा हसून म्हणतो, "साठी आणि बुद्धी नाठी!"

ही म्हण आता सोडली पाहिजे. स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपण नव्हे, तो मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे. निरक्षरांत, स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त. ज्यांना शाळेची पायरी चढता आली नाही, त्या आपल्याच आया-आज्या.

औषधांचे म्हणाल तर डोनेपेझिलसारख्या जुन्या गोळ्यांनी काही काळ आधार मिळतो, आजार थांबत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅब व २०२४ मध्ये डोनानेमॅब या इंजेक्शनांना मान्यता मिळाली. मेंदूत साचलेले अमायलॉइड नावाचे प्रथिन ती काढतात. सुरुवातीलाच दिली तर घसरण मंदावते. पण मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, वारंवार एमआरआय लागतो, आणि किंमत तर विचारूच नका.

आपल्या हातातले निराळेच आहे. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये चौदा कारणे सांगितली. ती आयुष्यभर सांभाळली तर सुमारे ४५ टक्के आजार टळू किंवा लांबू शकतो. बीपी, शुगर, तंबाखू, एकटेपणा, लहानपणीचे अपुरे शिक्षण त्यांत आहे. आणि कान! अमेरिकेत २०२३ च्या एका चाचणीत, धोका जास्त असलेल्या वृद्धांची बुद्धीची घसरण श्रवणयंत्रामुळे तीन वर्षांत जवळपास निम्म्याने मंदावली. सरसकट सर्वांत मात्र फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे चष्म्याची लाज वाटत नाही, कानातल्या मशीनची वाटते!

घरात कोणी विसरू लागले तर अकोल्यात सर्वोपचार, अमरावतीत इर्विन गाठा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांनीही विसर पडतो, आणि तो उपचाराने सुधारू शकतो.

आमच्या कामातले एक सांगतो. पती-पत्नीचे संयुक्त खाते, नॉमिनीचे नाव, हे समज शाबूत असतानाच करून ठेवा. समज गेल्यावर नुसता अंगठा घेऊन भागत नाही. कोर्टातून पालक नेमून आणावा लागतो, आणि तोवर औषधाला पैसा हवा असतो तो खात्यातच पडून राहतो.