जुना वाडा घेण्यापूर्वी
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



‘शहरातील जुन्या वाड्यांची खरेदी’ हा विषय चिटणीसांनी मला नेमून दिला. मी वकील नव्हे. जन्मभर मुलांना शिकविणारा मास्तर. तथापि निवृत्तीनंतर ज्ञातीतील अनेक घरांची जुनी दप्तरे वाचून देण्याचा योग आला. त्या आधारे चार शब्द सांगतो.

अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलेल्या या नगराचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. माळीवाडा, नालेगाव, तोफखाना या जुन्या वस्त्यांतील कितीतरी वाड्यांना आज कुलूप आहे. मुले पुण्या-मुंबईस स्थायिक झाली. वाडा विकावयाचा ठरतो. घेणारा बहुधा आपल्यासारखाच मध्यम स्थितीतील गृहस्थ असतो आणि त्यात जन्माची पुंजी घालतो. म्हणून सावधपणा हवा.

प्रथम वाड्यात भाडेकरू आहे काय, हे पाहावे. मालक बदलला म्हणून भाडेकरू उठत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याचे संरक्षण त्यास नव्या मालकाविरुद्धही मिळते. दुसरे, जवळ संरक्षित स्मारक आहे काय? दमडी मशीद, बाग रौजा अशी केंद्रसंरक्षित स्थळे आपल्याकडे आहेत. 2010 च्या दुरुस्तीप्रमाणे अशा स्थळापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि त्यापुढील 200 मीटरमध्ये परवानगी लागते. वाडा पाडून इमारत उठविण्याचे मनोरथ तेथेच थांबते.

परंतु या दोहोंपेक्षा मोठा प्रश्न आहे तो मालकीचा. व्याकरणात वाक्याला कर्ता एक असतो; जुन्या वाड्याला मात्र दहा-पंधरा कर्ते असू शकतात. मिळकतपत्रिकेवर एकाच वडील भावाचे नाव असते आणि घेणारा तेवढ्यावर इसार देऊन बसतो. मिळकतपत्रिकेवरील नोंद म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. किमान तीस वर्षांची खरेदीखते, वाटणीपत्रे व बोजे यांचा शोध वकिलाकडून घ्यावा. विकणाऱ्याच्या आजोबांपासून वंशावळ लिहून काढावी, आणि प्रत्येक नावापुढे ‘सही कोठे आहे?’ हा प्रश्न विचारावा. साठेखताने वा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे. खरेदीखत नोंदलेलेच हवे.

वंशावळ लिहिताना आपण हमखास कोणास वगळतो? मुलींना. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत खताने वा न्यायालयाच्या हुकुमाने वाटणी झाली असेल, तर गोष्ट निराळी. एरवी सासरी गेलेल्या बहिणीच्या सहीवाचून वाडा विकणे म्हणजे घेणाऱ्याच्या पदरी दावा बांधणे होय.

यावर आपल्याकडे एक सोपी युक्ती रूढ आहे. बहिणीला दिवाळीस बोलवावे, साडीचोळी करावी आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यावी! ती माहेर तुटू नये म्हणून सही करते. तिने समजून-उमजून हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. परंतु कागदात काय आहे हे न सांगता घेतलेली सही पुढे न्यायालयात टिकेलच असे नाही, आणि टिकली तरी ती न्यायाची नव्हे. भाऊ लाखांनी मोजून घेतात आणि बहीण साडीवर समाधान मानते, हा हिशेब मी शाळेत कोणत्याही मुलास बरोबर म्हणून दिला नसता.

म्हणून विकणारांस माझी विनंती आहे की, बहिणींना कागद वाचून दाखवा व त्यांचा वाटा त्यांच्या हाती द्या. आणि घेणारांस सांगणे एवढेच की, इसार देण्यापूर्वी ‘घरच्या मुली कोठे आहेत?’ असे निःसंकोच विचारा. हा प्रश्न विचारल्याने सौदा चार महिने लांबेल. न विचारल्यास दावा चार वर्षांतही संपणार नाही.