शिमगा : पाहण्याचा कीं खेळण्याचा ?

फाल्गुन लागला म्हणजे बुलढाणा जिल्ह्याचें रूप पालटतें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मधून वाहणारी पूर्णा. या प्रदेशांत कपाशीचीं शेतें तोंवर रितीं झालेलीं असतात, गहूं-हरभरा खळ्यावर येऊं लागलेला असतो आणि पानें गळालेल्या पळसावर केशरी फुलें फुललेलीं असतात. हाताला थोडी उसंत आणि पीक बरें आलें असेल तर पदरीं थोडा पैसा, असा शेतकऱ्याच्या वर्षांतला हा दुर्मिळ काळ. सणाला याहून चांगला मुहूर्त ज्योतिषानेंहि काढून दिला नसता.

दूरदूरच्या समाजांनीं हाच सुमार मोकळेपणासाठीं राखून ठेवलेला दिसतो. ख्रिस्ती लोकांत ईस्टरपूर्वीं चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो व तो सुरू होण्याच्या तोंडावर कार्निव्हल येतो. गोव्यांत त्याला इंत्रुज म्हणतात. ईस्टरचा दिवस पौर्णिमेच्या हिशेबानें ठरत असल्यामुळें कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार लवकरांत लवकर ३ फेब्रुवारीला व उशिरांत उशिरा ९ मार्चला पडतो. होळी तर पौर्णिमेचीच. हे दोन सण एकमेकांचे नातलग नसले, तरी पंचांगांतले शेजारी खास आहेत.

त्यांचें साम्य तिथीपुरतेंच नाहीं. दोहोंतहि चार दिवस लहानमोठेपणा बाजूला ठेवावयाचा, सोंगें घ्यावयाचीं, थोरामोठ्यांची थट्टा करावयाची व त्यांनीं ती हंसून सोसावयाची. दोहोंचा शेवटहि राखेशीं येतो. कार्निव्हल सरतांच बुधवारीं भाविकांच्या कपाळीं चर्चमध्यें राख लाविली जाते, आणि आपल्याकडे धुळवडीला होळीची राख कपाळीं लावितात. मोकळीक दिली, पण तिची मुदतहि ठरवून दिली, असें जुन्या लोकांचें धोरण यांत दिसतें.

गोव्यांत हा उत्सव पोर्तुगीज राजवटींत वाढला. लोक ओळखीच्यांच्या अंगावर पीठ, रंग व पाणी टाकीत, घरोघर मेजवान्या होत, आणि साष्टी तालुक्यांत गांवकरीच अंगणांतून 'खेळ' सादर करीत. १९६१ सालीं गोवा मुक्त झाला आणि १९६५ पासून पणजींत चित्ररथांची मोठी मिरवणूक सुरू झाली. मोमो नांवाचा विनोदी राजा खाण्यापिण्याची व मौजेची आज्ञा देतो आणि त्याच्या मागून सजविलेले रथ चालतात. पुढें मडगांव, म्हापसा, वास्को येथेंहि मिरवणुका निघूं लागल्या. देशोदेशींचे प्रवासी त्या पाहण्यास येतात. देखावा नेत्रदीपक असतो यांत शंका नाहीं. परंतु रस्त्याच्या दोन्ही बाजूंस कठड्यामागें उभा असलेला समाज आतां पाहणारा झाला आणि रथावरचे थोडे लोक तेवढे खेळणारे उरले. साष्टींतील खेळांची परंपरा चालू आहे, आणि ज्याला सणाचें मूळ शोधावयाचें असेल त्यानें तेथेंच जावें.

हाच प्रश्न बुलढाण्याच्या शिमग्याला विचारून पाहण्यासारखा आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांचें बालपण वऱ्हाडच्या खेड्यांत गेलें, त्यांना चाकोल्या आठवत असतील. होळीच्या आधीं कांहीं दिवस पोरें शेणाच्या चपट्या चकत्या थापीत, मधें भोंक पाडीत, उन्हांत वाळवीत आणि सुतळींत ओवून त्यांच्या माळा करीत. पौर्णिमेच्या रात्रीं त्या माळा होळीला वाहावयाच्या. चाकोली विकत आणण्याची वस्तु नव्हती. ज्याची माळ लांब त्याचा मान मोठा. पळसाचीं फुलें रात्रभर भिजवून रंग घरींच होई. गळ्यांत साखरेची गाठी आली कीं पोराला आपण राजा झाल्यासारखें वाटे. या सणांत प्रेक्षक असा कोणी नव्हताच.

मग शिकलेल्या कुटुंबांनीं धुळवडीला दारें कां लावून घेतलीं ? कारण खोटें नव्हतें. बोंबा, शिवीगाळ, मद्यपान, स्त्रियांची विटंबना यांनीं शिमगा बरबटला होता. विठ्ठल रामजी शिंदे यांसारख्या सुधारकांनीं त्याविरुद्ध चळवळ केली ती योग्यच होती. पण सुधारकांना सण स्वच्छ करावयाचा होता. पुष्कळ सुशिक्षितांनीं तो नुसता सोडून दिला. भले लोक निघून गेल्यावर रस्ता दांडग्यांच्या हातीं उरला, आणि 'पाहा, शिमगा किती वाईट !' असें म्हणण्यास घरांत बसलेल्यांना आयतें कारण मिळालें.

दुरून पाहणाऱ्याचें मत कसें चुकतें, याचें उदाहरण सातपुड्यांतच आहे. जिल्ह्याच्या जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांना लागून असलेली ही डोंगररांग पश्चिमेकडे यावल, चोपडा, धडगांवपर्यंत गेली आहे. त्या भागांत पावरा, बारेला व भिल्ल लोकांचा भोंगऱ्या भरतो. होळीपूर्वींच्या आठवड्यांत ज्या गांवचा आठवडी बाजार ज्या दिवशीं, त्या दिवशीं तेथें ही जत्रा. मोठमोठे ढोल येतात, बांसऱ्या वाजतात, एकाच रंगाचे कपडे ल्यालेल्या मैत्रिणींचे थवे फिरतात, आणि होळीसाठीं गूळ, फुटाणे, साखरेचे हार-कडे यांची खरेदी होते. बाहेरच्यांनीं मात्र याला 'लग्न जुळविण्याचा बाजार' असें नांव देऊन टाकलें. त्या समाजांतील शिकलेली मंडळी याला हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. सवंगड्यांच्या भेटीचा व होळीच्या बाजारहाटाचा दिवस, एवढा साधा अर्थ कठड्यामागून दिसला नाहीं.

जवळचेंहि एक उदाहरण घेतां येईल. बुलढाणा तालुक्यांत पिंपळगांव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. बाबा १९०८ सालीं निवर्तले. त्यांची यात्रा होळीच्याच सुमारास भरते. तेथें नारळांची होळी पेटते, पुढें संदलाची मिरवणूक निघते, आणि हिंदु-मुसलमान दोघेहि तींत असतात. तेथें चालणाऱ्या प्रत्येक समजुतीला मान तुकवावी असें कोणी म्हणणार नाहीं. दुखण्याला वैद्यच हवा. तरीहि सण कोणा एकाच्या मालकीचा नसतो, ही गोष्ट तेथें दिसते.

तेव्हां शिमगा सुधारावयाचा तर त्यांत उतरूनच. नियम थोडे व जुनेच आहेत. ज्याला नको त्याच्या अंगावर रंग घालूं नये. थट्टा बलवानाची करावी, दुबळ्याची नव्हे. होळीला कोणाचें झाड तोडूं नये, गोवऱ्या पुरतात. बायकामुलींना जेथें निर्भयपणें येतां येत नाहीं, तेथें सण झाला असें समजूं नये. आणि सूर्य मावळला म्हणजे हात धुवून ज्याच्याशीं वर्षभर अबोला होता त्याच्या घरीं जावें.

पूर्णेच्या कांठीं पळस दरसाल फुलतो. त्याचीं फुलें वेंचण्यास या फाल्गुनांत एखाद्या सुशिक्षित घरांतील मुलें आपल्या आईबापांसह बाहेर पडलीं, तर त्या आळीचा शिमगा तेवढ्यानेंहि बदलूं लागेल.