नवजात बालकांतील तात्पुरते संप्रेरक-विकार



गर्भावस्थेत मातेची काही संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, वारेतून बाळापर्यंत पोहोचत असतात. नाळ कापली की हा पुरवठा थांबतो. पुढील काही दिवसांत बाळाच्या शरीरात दिसणारे बहुतेक बदल आपोआप ओसरतात. एक विकार मात्र असा आहे की, तो तात्पुरता आहे की कायमचा, हे बाळाकडे नुसते पाहून कोणासही सांगता येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, मुलगा असो वा मुलगी, काही बाळांची छाती फुगते व क्वचित दुधासारखे थेंब येतात. न्हाऊ घालताना छाती दाबून ते 'दूध' काढून टाकण्याची रीत अनेक घरांत आहे. न्हाऊ घालणाऱ्या बाईंचा हेतू चांगलाच असतो. परंतु दाबल्याने जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते. हात न लावल्यास ही सूज काही आठवड्यांत जाते. तसेच पहिल्या आठवड्यात मुलीच्या लंगोटास रक्ताचा अल्पसा डाग दिसला की घरात घबराट होते. मातेचे इस्ट्रोजेन ओसरल्याचा तो परिणाम असून दोन-चार दिवसांत थांबतो. बेंबीतून, तोंडातून वा शौचावाटे रक्त आल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

मातेस मधुमेह असल्यास बाळाच्या शरीरात इन्सुलिन अधिक तयार झालेले असते व जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत त्याची साखर घसरू शकते. त्यावर मध किंवा गुळाचे पाणी हा उपाय नव्हे. लवकर स्तनपान व रक्तातील साखरेची तपासणी हाच उपाय होय.

आता थायरॉईडविषयी. हे संप्रेरक कमी पडल्यास मेंदूची वाढ खुंटते, आणि गेलेला काळ भरून निघत नाही. काही बाळांत ही कमतरता तात्पुरती असते. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे, तिला चालू असलेली थायरॉईडची औषधे, आयोडीनचा अभाव अथवा अतिरेक ही त्याची कारणे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या त्वचेस आयोडीनयुक्त जंतुनाशक वारंवार लावल्यानेही असे घडते. आरंभी बाळ बहुधा निरोगीच दिसते. 'किती शांत बाळ, रडतसुद्धा नाही' असे कौतुक होते. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, घोगरा आवाज या खुणा उशिरा लक्षात येतात. म्हणूनच टाचेतील रक्ताच्या थेंबावरून होणारी तपासणी महत्त्वाची. कॅनडातील क्वेबेक प्रांतात डॉ. जाँ द्युसो यांच्या प्रयत्नांतून १९७४ मध्ये अशी तपासणी सुरू झाली.

जन्मताच बाळाचे टीएसएच स्वाभाविकपणे उसळते. म्हणून हे रक्त ४८ तासांनंतर, शक्यतो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी घ्यावे. त्याआधी घरी जायचे असल्यास नाळेच्या रक्ताचा पर्याय डॉक्टरांना विचारावा. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. माहेर पाटण-जावळीकडे आणि सासर जत-आटपाडीकडे असले की रक्त एका गावी दिले जाते, बाळ दुसऱ्या गावी जाते आणि अहवाल मध्येच राहतो. रुग्णालयात नोंदविलेला दूरध्वनी क्रमांक माहेरचा, सासरचा की दोन्हींचा, ही क्षुल्लक वाटणारी बाब येथे निर्णायक ठरते. निदान पक्के झाल्यास पहिल्या दोन आठवड्यांतच गोळी सुरू व्हावी. ती कुस्करून थोड्या आईच्या दुधात चमच्याने देतात; लोह वा कॅल्शियमच्या औषधासोबत देऊ नये.

बाळ गुटगुटीत झाले म्हणून गोळी परस्पर बंद करणे हा सर्वांत मोठा धोका. विकार तात्पुरता होता काय, हे बहुधा तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टर काही आठवडे औषध थांबवून, पुन्हा रक्त तपासून ठरवितात.

मिठाविषयी एक गोष्ट. आयोडीनविरहित खाद्यमिठाच्या विक्रीवर देशात १९९७ मध्ये बंदी आली, २००० मध्ये उठली व २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. व्रत-उपवासात सैंधव वापरणाऱ्या घरांनी ध्यानी घ्यावे की, त्यात पुरेसे आयोडीन नसते. गर्भवती व स्तनदा मातेच्या नित्याच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच असावे.