देवाशी भांडता येतं तेव्हा
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)

दुःखात श्रद्धेचा आधार घेणारी बाई मागासलेली, असं आपल्या चळवळीत पुष्कळदा गृहीत धरलं जातं. वसईतल्या ख्रिस्ती विधवा बहिणींबरोबर काम करताना मला ते पटेनासं झालं आहे. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तिथल्या दफनभूमीत जाऊन पाहा. कबरी फुलांनी सजवून बाया मेणबत्त्या लावत असतात. "अजून किती दिवस रडशील?" हा घरात रोज कानी पडणारा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही.

एका बहिणीचा नवरा अचानक गेला. जो तो सांगे, देवाची इच्छा, रडू नकोस. तिनं चर्चला जाणंच सोडलं. मग शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं तिला योहानाच्या शुभवर्तमानातली लाजरची गोष्ट वाचून दाखवली. भाऊ गेल्यावर मार्था आणि मरिया या दोघी बहिणींनी येशूला तोंडावर सुनावलं, की तू इथं असतास तर तो मेला नसता. येशूनं त्यांना गप्प बसवलं नाही. तो स्वतःही रडला. "म्हणजे मलापण भांडता येतं की!" ती मला म्हणाली. ती पुन्हा मिस्सेला जाऊ लागली, भांडायलाच म्हणा ना!

आपल्या लक्ष्मीबाई टिळक आठवा. १९१९ साली टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' बाईंनी पुरं केलं, आणि 'स्मृतिचित्रे'त त्याच नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणाही हातचं न राखता लिहिला. श्रद्धा होती म्हणून गेलेल्या माणसाला देव्हाऱ्यात बसवलं नाही.

पण सांत्वनाच्या आडून दुसरंही काही चालतं. महिन्याच्या मिस्सेआधीच दीर कागद पुढे करतो, "देव बघून घेईल, तू सही कर." तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर मुलंबाळं असलेल्या ख्रिस्ती विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत १/३ वाटा आहे. उरलेले २/३ मुलामुलींत सारखे वाटायचे, लग्न झालेल्या मुलीलाही तेवढाच वाटा. दिराचा त्यात काही संबंध नाही. हे कित्येकींना ठाऊक नसतं.

तेव्हा सांत्वनाला जाल, तर तिच्याबरोबर जपमाळेला बसा. तुमचा विश्वास नसला तरी बसा, काही बिघडत नाही. आणि उठताना तिच्या कानात एवढं सांगून या, की कुठलाही कागद आम्हांला दाखवल्याशिवाय सही करू नकोस.